घाई कुणाला आहे?

कविता लिहिणाऱ्या माणसानं संगणकाच्या सॉफ्टवेअरवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं. पण प्रसंगच तसा आला.

माझा एक कविमित्र मागच्या वर्षी गेला. तीस-पस्तीस वर्षं गावोगाव कविता वाचत हिंडला, पण संग्रह काही निघाला नाही. चाळीस दिवस झाल्यावर त्याच्या मुलाचा फोन आला, "चाचा, अब्बांची ती विहिरीवरची कविता तुमच्याकडे असेल ना? मुलांना ऐकवायची आहे. मोबाइलवर पाठवा."

आमच्या कविसंमेलनांचं चित्रीकरण आम्ही मिनी-डीव्ही कॅसेटवर करत असू. अशा ४३ कॅसेट होत्या. पुढे त्यांना बुरशी धरू लागली, तेव्हा सगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या आणि कॅसेट टाकून दिल्या. एका तासाच्या कॅसेटची फाइल साधारण १३ जीबी होते. ४३ कॅसेट म्हणजे साडेपाचशे जीबीच्या वर. एवढी मोठी फाइल मोबाइलवर पाठवणार कशी? आणि पाठवली, तरी ती तिथे उघडेलच असं नाही. म्हणजे या सगळ्या फायली लहान करून मोबाइलला चालतील अशा स्वरूपात बदलायला हव्या होत्या. एकेक करत बसलो तर महिना जाईल. एकदम गठ्ठ्यानं करणारं आणि झटपट करणारं सॉफ्टवेअर हवं, असं मी ठरवलं.

'झटपट' हा शब्द पाहूनच मी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. सगळ्या फायली त्यात टाकल्या. एकेक कॅसेट तीन मिनिटांत! दोन-सव्वादोन तासांत काम फत्ते. दोन-तीन फायलींची सुरुवात पाहिली, उत्तम दिसत होती. हार्ड डिस्क भरत आली होती, म्हणून मूळ फायली पुसून टाकाव्यात, असं मनात आलं. तेवढ्यात म्हटलं, आधी मुलाला कविता तर पाठवू.

ती कविता कॅसेटच्या ५२व्या मिनिटाला होती. मित्र हात उंचावून शब्द फेकायचा. पाहतो तर त्या हाताला कंगव्याचे दात फुटलेले! आणि ओठ आधी हलताहेत, आवाज मागून येतोय. कवितेत तो एके ठिकाणी थांबायचा, त्या थांबण्यातच सगळी कविता होती. इथे त्याचे ओठ मिटलेले आणि शब्द चालूच. माझ्या अंगावर काटा आला. मूळ फायली पुसल्या असत्या तर? जगात दुसरी प्रत नव्हती.

माझी भाची संगणकातली जाणकार. तिनं सगळं पाहिलं आणि विचारलं, "मामू, घाई कुणाला आहे? तुम्हाला की मशीनला?"

मग तिनं समजावलं ते असं. जुना कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपतो, एकदा सम ओळी, एकदा विषम. ती नुसती जोडली की हलत्या वस्तूला दात दिसतात. ते आधी विंचरून घ्यावे लागतात. दुसरं असं, की वेग बहुधा ग्राफिक्स कार्डातल्या खास चिपमधून येतो. ती भरभर काम करते, पण तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये चित्र सहसा थोडं कमी प्रतीचं देते. मुख्य प्रोसेसरला काम दिलं तर वेळ जास्त लागतो, पण चित्र नीट येतं.

तिनं 'हँडब्रेक' हे सॉफ्टवेअर घातलं. २००३ पासून चालत आलेलं, मोफत आणि मुक्त. त्यात अख्खा फोल्डर उघडता येतो आणि सगळ्या फायली एका रांगेत लावता येतात. कंगव्याचे दात काढणारी 'डीकोम्ब' नावाची गाळणी त्यात आहे. चित्राची प्रत एका आकड्यानं ठरते. आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आम्ही २० ठेवला. पण रांग लावण्याआधी तिनं त्या कवितेचा तुकडा तेवढा करून पाहायला लावला. हात स्वच्छ आला. मग ती पूर्ण कॅसेट करून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहिला. ओठ आणि शब्द बरोबर जुळले, तेव्हा कुठे बाकीच्या फायली लावल्या.

एका कॅसेटला दहा मिनिटं, म्हणजे सगळ्यांना सात तासांच्या थोडं वर. रात्री दहाला सुरू केलं आणि झोपलो. फजरच्या नमाजाला उठलो तेव्हा अगदी शेवटची कॅसेट चालू होती. १३ जीबीची फाइल एक जीबीच्या आत आली होती. मी वाचवायला निघालो होतो ते पाच तास माझ्या झोपेतले होते! आणि गठ्ठ्यानं काम करताना चूकही गठ्ठ्यानं होते. एक चुकीची खूण, की ४३ फायली बिघडल्या.

आणखी एक गोष्ट भाचीकडून शिकलो. कधी कधी फाइलमधलं चित्र चालण्याजोगंच असतं, फक्त वरचं वेष्टण मोबाइलला ओळखीचं नसतं. अशा वेळी पुन्हा रूपांतर करू नये. 'एफएफएमपेग' नावाचं मोफत साधन नुसतं वेष्टण बदलून देतं. आतलं आहे तसंच राहतं आणि वेळही फार थोडा लागतो. पाकीट बदलायला पत्र पुन्हा लिहायची गरज नसते. उलट अशी प्रत्येक नक्कल करताना सहसा काही ना काही गळतंच. हस्तलिखितांचंही तेच व्हायचं.

मूळ फायली मी पुसल्या नाहीत. दुसरी हार्ड डिस्क आणली, तिच्यावर त्यांची आणखी एक प्रत केली आणि ती भाचीच्या घरी ठेवली. तुमच्याकडेही लग्नाची, आजी-आजोबांची चित्रीकरणं असतील. ती जरूर मोबाइलवर घ्या, पण मूळ प्रत हलवू नका.

त्या दिवशी मुलाला कविता पाठवली. संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "चाचा, धाकटा विचारतो, दादा मध्येच गप्प का झाले? मोबाइल बिघडला का?"

मी म्हटलं, "नाही रे. ते तसेच थांबायचे."