सीटवर सांडलेलं दूध
मागच्या सीटवर मुलांनी दूध सांडलं की दुसऱ्या दिवशी गाडीत बसवत नाही. अशा वेळी हाताशी छोटा स्पॉट क्लीनर असावा. तो साबणपाणी फवारतो आणि मळकं पाणी लगेच ओढून घेतो. विकत घेताना ओढण्याची ताकद बघा, टाकीचा आकार नंतर. वायरवाला सहसा जास्त जोरात ओढतो. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग हवा ना! दुधावर गरम पाणी नको, प्रथिनं गोठून डाग पक्का बसतो. पाणी बेतानंच मारा, सीटखाली विजेच्या जोडण्या असतात. मग नळीतून पाणी येणं थांबेपर्यंत नुसतं ओढत राहा. भर पावसाळ्यात हे काम टाळलेलंच बरं. आतला फोम ओला राहिला की कुबट वास धरतो. आणि हो, मळक्या पाण्याची टाकी त्याच दिवशी धुवा.