अभंग, लघुपट आणि गाथेचे पान

(शताब्दी समारोहात दिलेले भाषण)



शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेपुढे चित्रपटाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु अभिजात काव्याचे लघुपटात होणारे रूपांतर हा आजचा विषय मला अखेरीस याच कपाटांपाशी घेऊन आला. तो कसा, हे सांगण्यासाठी आधी स्वतःची एक चूक आपणापुढे मांडली पाहिजे.

आमच्या जोयडा तालुक्यात अनेक मुले घरात कोकणी, भजनात मराठी आणि शाळेत कन्नड अशा तीन भाषांत वाढतात. अशाच एका कुणबी घरातील माझ्या विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाच मिनिटांचा लघुपट केला. त्यात त्याची आजी परसात कणग्यांचे बेणे लावते आहे आणि मागे बीज व वृक्ष यांच्या दृष्टांताचे एक सुपरिचित पद ऐकू येते. आरंभी अक्षरे होती, 'संत तुकारामांचा अभंग'. मी त्याची तोंड भरून स्तुती केली. लघुपट दाखवून झाल्यावर एका वृद्ध श्रोत्यांनी शांतपणे विचारले, "सर, हा अभंग गाथेत कितव्या क्रमांकाचा?"

मला उत्तर देता आले नाही. पुढच्या शनिवारी बसने येथे आलो आणि शासकीय गाथेची सूची उघडून बसलो. साडेचार हजारांहून अधिक अभंगांच्या त्या सूचीत ते पद नव्हते. नसणारच! ते शांताराम आठवले यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या चित्रपटासाठी लिहिलेले गीत. मराठीचा एम. ए. आणि इतक्या वर्षांचा अध्यापक असूनही मी ते कानाने ओळखत होतो, डोळ्यांनी कधी पडताळले नव्हते.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, हे मागाहून कळले. भल्याभल्यांनी ते पद तुकोबांचेच मानले आहे. यात आठवल्यांचे सामर्थ्य आहे, दामले आणि फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाचे आहे आणि विष्णुपंत पागनीस यांच्या मुखावरील निर्व्याज भक्तीचेही आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेली ती कलाकृती आहे; तिला दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रश्न निराळा आहे. पडद्यावरचे शब्द इतके आपले होतात की मूळ शब्द शोधण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी होते. जेथे मराठी शाळेतून नव्हे तर कानातून टिकते, अशा सीमेवरच्या मुलखात हा धोका अधिक आहे.

मग काव्याचा चित्रपट करूच नये काय? मला तसे वाटत नाही. मोठ्या चरित्रपटाला कथानक लागते, संघर्ष लागतो. म्हणून सालोमालोला खलनायक व्हावे लागते. अभंग मुळात अल्पाक्षरी. त्याला लघुपटाची चौकट अधिक मानवते, कारण तेथे कथा रचण्याची सक्ती नसते. आपल्याच जिल्ह्यातील शिरसीत ज्यांचे बालपण गेले, त्या गिरीश कार्नाड यांनी १९८८ साली कनकदास आणि पुरंदरदास या कन्नड संतकवींवर 'कनक-पुरंदर' हा लघुपट केला व त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरंदरदासांच्या पदांतील नाममुद्रा विठ्ठलाचीच आहे. पंढरीच्या त्याच दैवताला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले. तेव्हा हा विषय आपल्यासाठी दूरचा नाही.

मात्र एक मर्यादा पाळावी लागते. 'बीज' हा शब्द शंभर वाचकांच्या मनात शंभर बीजे उगवतो. कॅमेरा एकच दाखवतो. म्हणून जे शब्दाने सांगितले ते पुन्हा चित्राने सांगू नये. काय दाखवायचे नाही, हे ज्याला कळते तोच काव्याला न्याय देतो.

हे मला माझ्या विद्यार्थ्याने शिकवले. चूक सांगितल्यावर तो रुसला नाही. म्हणाला, "सर, मग गाथाच वाचू या." आम्ही दोघे येथे दोन शनिवार बसलो. इंद्रायणीत वह्या बुडवल्या गेल्या, त्या प्रसंगाचे अभंग त्याने निवडले. मला वाटले, आता पाण्यावर तरंगणारी पोथी येणार. तसे काही आले नाही. सुपा धरणाच्या जलाशयाकाठी त्याने आजीला बसवले. तिच्या माहेरची शेती त्या पाण्याखाली गेलेली आहे. नातू तिच्या शेजारी बसून या ग्रंथालयाच्या शिक्क्याची गाथा उघडतो आणि अभंग वाचतो. आजीला अक्षरओळख नाही. परंतु दुसऱ्या चरणापासून ती त्याच्या आधी शब्द उच्चारू लागते. नातू वाचणे थांबवतो आणि पानावर बोट ठेवून ऐकत राहतो. एवढाच लघुपट!

गाथा पाण्यातून तरली ती लोकांच्या मुखी होती म्हणून, असा अर्थ अनेक जण लावतात. मी तो वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. त्या दिवशी तो प्रथमच पाहिला. पण हेही ध्यानात आले, की आजीच्या मुखातला अभंग नातवाला पडताळता आला तो पानावरून. मुख आणि पान यांपैकी एक जरी गळले, तरी पुढच्या पिढीच्या हाती उरेल ते केवळ गोड ऐकू येणारे काहीतरी.

म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने माझी एक विनंती आहे. संतकाव्यावर नव्या मुलांनी केलेले लघुपट येथे अवश्य दाखवावेत. मात्र त्या वेळी मूळ ग्रंथ समोरच्या टेबलावर उघडून ठेवावा आणि अभंगाचा क्रमांक फळ्यावर लिहावा. ज्याला शंका येईल त्याने उठून पान पाहावे. त्या वृद्ध सभासदांसारखा प्रश्न विचारणारा एक वाचक जरी प्रत्येक वेळी निघाला, तरी या संस्थेने शंभर वर्षे केलेल्या ग्रंथसेवेचे चीज झाले असे मी मानीन.