हजेरीपटाबाहेरचा मजूर

(म्हसवड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



माणदेशातील माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. राजेवाडीचा तलाव हे इंग्रजी अमदानीतील दुष्काळी कामांचेच अपत्य होय. 1876-77 च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपलने मजुराच्या वाट्याचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणले, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामावर बहिष्कार घातला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. ही कथा चळवळीत अभिमानाने सांगितली जाते. त्या दुष्काळानंतर, 1880 मध्ये, दुष्काळ आयोगाने जी वाटणी रूढ केली ती मात्र सहसा कोणी सांगत नाही. अंगमेहनत करू शकतो तो मजूर, त्याला काम आणि दाम. करू शकत नाही तो निराधार, त्याला गावातच फुकट शिधा. आंधळे, लुळे, पांगळे सर्व दुसऱ्या रकान्यात गेले. उपासमारीच्या दिवसांत त्या शिध्याने माणसे जगली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अपंग माणूस 'मजूर' या संज्ञेतून तेव्हा जो बाहेर पडला, तो पुढे शंभर वर्षे बाहेरच राहिला.

रोजगार हमी योजनेनेही त्याला पुरते आत घेतले नाही, हे कबूल करणे समाजवाद्यांना जड जाईल. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे 1965 मध्ये वि. स. पागे यांनी या कल्पनेचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क ठरला. देशात अन्यत्र असे काही नव्हते. पण मजुरी ठरत होती ती खणलेल्या मातीच्या मापावर. टोळीने किती खणले ते मोजायचे आणि ती रक्कम टोळीत वाटायची. अशा हिशेबात एका पायाने अधू असलेल्या माणसाला टोळीत कोण घेणार? मुकादमाने त्याला हाकलण्याची गरजच उरली नाही. शेजारच्याच गरिबाने, आपल्या मुलांच्या भाकरीकडे पाहून, त्याला बाजूला ठेवले. गरिबाला गरिबाविरुद्ध उभे करणारे हे माप होते. एक विसंगती येथे नोंदवावीशी वाटते. ज्या व्यवसाय कराच्या पैशावर ही हमी उभी राहिली, त्या करातून कायम अपंगत्व असलेल्या नोकरदाराला सूट मिळाली. म्हणजे कर देण्याच्या वेळी सरकारला त्याचे अपंगत्व दिसत होते, काम देण्याच्या वेळी मात्र त्याच्याजोगे काम शोधावे असे वाटले नाही.

वास्तविक कामावर पाणी पाजणे, मजुरांची मुले सांभाळणे, हजेरी लिहिणे, रोपांना पाणी घालणे ही कामे असतातच. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या मार्गदर्शक सूचनांत अशा कामांची गणना पुढे झालीही. काम माणसाच्या मापाने बेतायचे की माणूस कामाच्या मापाने नाकारायचा, एवढाच हा प्रश्न आहे. 1949 मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले, तेव्हा समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांनी त्या माळावर विहिरी खोदल्या आणि शेती पिकवली. ज्यांना शिध्याच्या रकान्यात टाकले होते, ते उत्पादक होते.

अमर्त्य सेन यांनी याचे अर्थशास्त्र नेमके मांडले आहे. अपंग माणसाची अडचण दुहेरी असते: तो कमी कमावतो, आणि जे कमावतो त्याचे जगण्यात रूपांतर करायला त्याला इतरांहून अधिक खर्च येतो. कुबड्या, औषध, सोबतीच्या माणसाचा बुडालेला रोज हे सर्व त्यातच आले. दारिद्र्यरेषा ही दुसरी अडचण मोजत नाही. एस. टी. चे उदाहरण घ्या. महामंडळ अपंगांना भाड्यात 75 टक्के सवलत देते, आणि गाडीची पायरी गुडघ्याच्या वर असते. सवलत खरी आणि गाडीही खरी. फक्त दोन्ही एकाच माणसाच्या उपयोगी पडत नाहीत. अपंगत्वाच्या तपासणीसाठी म्हसवडच्या माणसाला दहिवडी ओलांडून साताऱ्यापर्यंत जावे लागते, तेही बहुधा याच गाडीने.

'अपंग' जाऊन सरकारी कागदावर 'दिव्यांग' आला. शब्दाचा हेतू चांगला असेल. कचेरीची पायरी त्याने इंचभरही खाली आली नाही.

कायदा मात्र बदलला, आणि कार्यकर्त्यांनी तो वाचला पाहिजे. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के जागा राखल्या; 2016 च्या कायद्याने त्या 4 टक्के केल्या, अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत 5 टक्के वाटा ठेवला. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. हे संरक्षण सरकारी आस्थापनेपुरतेच आहे, हे येथे विसरता येणार नाही, कारण या भागातील अपंगत्व पुष्कळदा मळणी यंत्रात, ऊसतोडीत आणि ठेकेदाराच्या कामावर येते. तेथे मजुराच्या हाती 2025 पर्यंत उरत होता तो 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा. त्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली असे लिहिले होते. पैसे मिळतात, तेही भांडून. कामावर परत घेण्याची सक्ती मालकावर नाही. संघटनेने लढायचे ते याच ठिकाणी. भरपाईच्या मागणीबरोबर झेपेल अशा कामावर परत घेण्याची मागणी करारात घातल्याखेरीज सही होता कामा नये.

सार्वजनिक इमारतींचे काय? जुन्या इमारती सुगम करण्यास 2017 च्या नियमांपासून पाच वर्षांची मुदत होती. ती 2022 मध्ये संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले की सुगमतेचे नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, ते बंधनकारकच हवेत. नव्या बांधकामाविषयी तर कायद्याचे 44 वे कलम स्पष्ट आहे: आराखडा सुगमतेच्या नियमांत बसत नसेल तर आस्थापनेला बांधकामाची परवानगी नाही, आणि बांधकाम तसे नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाही नाही. म्हसवडमध्ये हा दाखला नगरपरिषद देते. 2017 पासून दिलेल्या दाखल्यांपैकी किती उतरता रस्ता पाहून दिले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात.