आईचा कंठ, अपत्याची ध्वनिमुद्रिका

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातील संगणकाच्या कचेरीतून सायंकाळी परतणाऱ्या एखाद्या मराठी तरुणाच्या कानी जे जपानी गीत पडते, त्याच्यामागेही घराण्याचा वारसा असू शकतो, हे आज निवेदन करावयाचे आहे.

वडील रोक्योकू नामक कथागायनाचे, म्हणजे आपल्या शाहिरीशी दूरचे नाते सांगणाऱ्या कलेचे गायक, आणि आई तीन तारांचे शामिसेन वाजविणारी अंध कलावती, अशा फिरत्या संसारात वाढलेल्या जपानी गायिका फुजी केइको यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका १९७० साली प्रसिद्ध झाली, आणि ओरिकॉन या संस्थेच्या विक्रीच्या दफ्तरी ती २० आठवडे अव्वल राहिली; तिने ते आसन सोडले तेही फुजींच्याच दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेसाठी, जिने ते आणखी १७ आठवडे राखले. एन्का या जपानी गायनपद्धतीच्या त्या घोगऱ्या, दाटलेल्या स्वरात महानगरातील एकाकी स्त्रीची व्यथा होती, आणि विक्रीच्या आकड्यांहून मला तोच स्वर अधिक मोलाचा वाटतो.

फुजींच्या पोटी न्यूयॉर्कला जन्मलेल्या उताडा हिकारू यांनी मात्र अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या लयीशी सख्य जोडले, गीते स्वतः रचली, आणि मार्च १९९९ मध्ये, वयाच्या अवघ्या १६व्या वर्षी, ‘फर्स्ट लव्ह’ ही ध्वनिमुद्रिका दिली. जपानात तिच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि तेथील सर्वाधिक विक्रीचा मान आजही तिच्याकडेच आहे. आई मोगूबाई कुर्डीकरांकडून गाण्याची तालीम घेऊनही किशोरी आमोणकरांनी स्वतःची निराळी वाट काढली, हे आठवणाऱ्या आपल्या कानांना ही माय-लेकरांची कथा परकी वाटू नये.