रमाबाईंचा आनंद
पंडिता रमाबाईंच्या तरुणपणातली दुःखं ऐकवत नाहीत. दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पदरात तान्ही लेक मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. देवापाशी त्यांना जो आनंद गवसला, तो दुःख विसरायला लावणारा नव्हता, असं मला मनापासून वाटतं. तो कामाला लावणारा होता. स्वतः उपासमार सोसलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात त्या मुली शिकल्या, विणकाम, छपाई करू लागल्या, प्रार्थनेत गाऊ लागल्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतरावरचं रमाबाईंचं काम चालूच राहिलं, एप्रिल १९२२ मधल्या त्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत.