गप्प वस्ती



परवा एकानं विचारलं, तुझ्या कवितेत समुद्र येतो, बोटी येतात, क्रेन येते. मुळा-मुठेच्या काठावर वाढलास, मग नदी का नाही? तेव्हा गप्प बसलो. आज बोलतो.

मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. माझा आजा पुण्याच्या मालधक्क्यावर हमाल. १९७२ च्या दुष्काळात उस्मानाबादकडनं आला. पाणी नाही म्हणून गाव सोडलं आणि ताडीवाला रोडच्या मागं पाण्याच्याच कडेला झोपडं टाकलं. दुसरी जागा कोण देणार? आमची घरं नदीकडं पाठ करून उभी आहेत.

बाहेरचा माणूस येतो, म्हणतो, काय शांत वस्ती! अरे, ही शांतता कोरेगाव पार्कातल्या वडाखालची नाही, कागद नसलेल्या माणसाची आहे. सर्व्हेवाल्यानं विचारलं, किती वर्षं राहता, तर पन्नास वर्षं इथं चूल पेटवलेली माझी आजी गप्प. एक शब्द चुकला तर घर जाईल, हे भ्या.

२५ जुलै २०२४, खडकवासल्याचं पाणी सोडलं. मी नाइटला. आईचा फोन : "पाणी आत आलंय, तू खाडा करू नको." रेशनकार्ड, जातीचा दाखला, बाबासाहेबांचा फोटो एका पिशवीत घालून ती शेजारच्या माळ्यावर बसली. तेवढंच बोलली.

नकाशावर आता दोन रेघा आहेत. पंचवीस वर्षांतून येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून येणाऱ्याची लाल. आमची शेवटची ओळ निळीत. साला, रंगपण आमचाच सापडला! तिथं बांधू नका म्हणतात. बरोबर आहे, बुडतो आम्हीच. मग जायचं कुठं? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पूरग्रस्तांसाठी ह्याच शहरात गोखलेनगर, लोकमान्यनगर उभं राहिलं. म्हणजे जमतं. २०२२ ला ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारायची पायाभरणी झाली. काठावरची झाडं वाचवायला लोक रस्त्यावर आले, चांगलंच केलं. माणसं कोण मोजणार?

येत्या रविवारी मागच्या ओळीपासून आपण मोजू. वही मी आणतो. कुठल्या गावाहून, कुठल्या साली, कितीदा पाणी शिरलं, एवढंच विचारायचं. काल सुरुवात आजीपासून केली. म्हणाली, "हे कुणाला दाखवणार, ते आधी सांग." तिला पटवायला दोन तास गेले. मग तिनं साल सांगितलं.