मान दुखत नाही, तरी मान तपासा

रामनवमीला पोहरादेवीत संत सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी ठिकठिकाणांहून बंजारा समाज लोटतो. त्या गर्दीत भिंत धरून, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारी म्हातारी माणसे दिसतात. ‘वय झालं, पायात जोर नाही उरला,’ असे घरचे म्हणतात. मी मणक्यांचा सर्जन. मानोरा, दिग्रसकडून येणाऱ्या रुग्णांकडून मी हेच वाक्य ऐकतो. त्यांच्यातील काहींचे दुखणे पायात नसून मानेत असते.

मानेत सात मणके असतात. त्यांच्यामधल्या नळीतून करंगळीएवढी जाड मज्जारज्जू खाली जाते. मेंदूचा निरोप हातापायांना पोचवणारी हीच दोरी. वयाबरोबर मणक्यांमधली चकती झिजते, हाडाला टोके फुटतात, बंध जाड होतात आणि नळी अरुंद होते. डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांमध्ये मानेची ही झीज अधिक आढळते. हंडे आणि सरपणाचे भारे वाहिलेल्या आपल्या बायाबापड्यांनी म्हणूनच सावध असावे.

फसगत अशी, की मज्जारज्जू दबली तरी मान दुखेलच असे नाही. मान दुखत नाही म्हणून मान कोणी दाखवत नाही. शर्टाचे बटण लागत नाही, भाकरी थापता येत नाही, कापूस वेचताना बोटे चालत नाहीत, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अंधारात तोल जातो, पुढे लघवीवरचा ताबा जातो. याला कुणी अशक्तपणा म्हणते, कुणी वात. मग मान चोळून, झटके देऊन घेतली जाते. हे मुळीच करू नका.

घरी एक साधी चाचणी करता येते. दहा सेकंदांत मूठ पूर्ण वळून पूर्ण उघडायची. निरोगी माणूस हे २० वेळा सहज करतो. संख्या बरीच कमी भरली, तर डॉक्टरांना दाखवा. नक्की निदान तपासणी आणि एमआरआयने होते.

दाब सौम्य असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्यायाम करून काही काळ वाट पाहता येते. मध्यम किंवा तीव्र असेल तर शस्त्रक्रियाच हवी. ती दोन बाजूंनी होते. गळ्याच्या पुढून जाऊन चकती किंवा हाडाचा दाबणारा भाग काढतात आणि जागा हाडाने व पट्टीने सांधतात. किंवा मागून मणक्याची कमान काढतात, नाहीतर दार किलकिले करावे तशी उघडून ठेवतात. दारासारखी उघडण्याची ही रीत जपानच्या हिराबायाशी यांनी १९७७च्या सुमारास सुरू केली.

शस्त्रक्रियेचा पहिला हेतू नुकसान थांबवणे हा आहे. पुष्कळांना सुधारणाही होते. पण मज्जारज्जू जितकी जास्त काळ दबलेली, तितकी ती कमी. म्हणून दोन वर्षे रखडून आलेल्या रुग्णाला मी पूर्वीचा जोर परत येईल असे सांगत नाही.

धोके आहेत. घसा बसतो, गिळताना त्रास होतो, खांद्यात अशक्तपणा येतो, क्वचित जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव होतो. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्यावर १२ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर काही दिवसांनी रक्ताची गुठळी होऊन मानेखालची हालचाल थांबली आणि पुन्हा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, असे त्यांनी जुलै २०२२च्या मुलाखतीत सांगितले. २ डिसेंबर २०२१ला ते घरी गेले आणि ९ जुलै २०२३ रोजी पोहरादेवीला दर्शनालाही आले. यातून घ्यायचे ते एवढेच : शस्त्रक्रियेनंतर हातापायांत नवी कमजोरी जाणवली, तर सकाळची वाट पाहायची नाही. परिचारिकेला, डॉक्टरांना तत्क्षणी सांगायचे. तिथे तासांचा हिशेब असतो.

खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते विचारा. खर्चाच्या भीतीने घरी थांबू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांची चाल बदलली, अक्षर बिघडले, हातून वस्तू पडू लागल्या, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी एकदा त्यांची मान तपासून घ्या.